आमची वाटचाल : पिवळ्या मशिनांचं वर्ष

२००१ साली भोसरीत एका शेडचा कोपरा भाड्याने घेऊन आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि माझे मामा. मामा कंपनीतून व्हीआरएस घेऊन आलेले. सोबत स्वतःचा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र, आणि बारीक फटी मोजायच्या पट्ट्यांचा, फीलर गेजचा डबा. काम एकच, हवा दाबून टाकीत भरणाऱ्या मशीनची, एअर कॉम्प्रेसरची दुरुस्ती. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून आमचा गुरुवार सगळ्यात धावपळीचा. मशीन थांबलेलं असलं तरच हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायला मिळतं. पहिली चौदा-पंधरा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०१६ चं. आमच्या रांगेत चार गाळे सोडून एकाने स्वस्तातल्या डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बेल्ट नसलेल्या, थेट मोटरला जोडलेल्या कॉम्प्रेसरचं दुकान थाटलं. बाहेर फलक : २ एचपी, ८ सीएफएम (मिनिटाला आठ घनफूट हवा), २ वर्षं वॉरंटी. ज्यांच्या बेल्टवाल्या मशिनांच्या पिस्टनच्या रिंगा आम्ही रात्री अकरापर्यंत बसून बदलल्या, ती गिऱ्हाइकं आमच्या दारावरून पुढे जायला लागली. चहाला थांबायची तेवढी. मला राहवलं नाही. मीही एका आयातदाराकडून तशीच पिवळी मशिनं उचलली. तीस नग, सगळे पैसे रोख. मामा म्हणाले होते, "आधी एक आण, खोल, मग बोल." मी ऐकलं नाही.

तीन महिन्यांत नऊ मशिनं परत आली. सहांच्या मोटरचं वाइंडिंग जळालेलं, बाकीची हवेबरोबर ऑइल फेकत होती. आयातदाराला फोन केला. तो म्हणाला, वॉरंटी कार्ड वाचा. मी पहिल्यांदा कार्ड वाचलं. रिंगा, वॉल्व्ह, प्रेशर स्विच, गेज हे सगळं झिजणारं, म्हणून वॉरंटीबाहेर. मोटर जळाली तर दोष व्होल्टेजचा, तीही बाहेर. राहिली टाकी आणि कास्टिंग. म्हणजे वर्षभरात जे सहसा बिघडतच नाही, वॉरंटी त्याची! वर नेण्या-आणण्याचं भाडं आपलं.

त्या रात्री मामांनी एक कोरं मशीन टेबलावर घेतलं. टाकी ५० लिटरची लिहिलेली. आठ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २२६ लिटर हवा. टाकी ४ किलो दाबावरून ८ किलोवर न्यायला २०० लिटर हवा लागते, म्हणजे ५३ सेकंद पुरायला हवेत. लागले १०८. निम्मी हवा! खोक्यावरचा सीएफएमचा आकडा पिस्टन किती जागा ढवळतो त्याचा, नळीतून बाहेर काय येतं त्याचा नव्हे, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक, फक्त फलक रंगवताना आठवत नाही. मग डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या डब्याने पाणी ओतून टाकी मोजली. बेचाळीस लिटर भरली. म्हणजे खरा हिशोब सव्वातीन सीएफएमचा. कट-आउटच्या, म्हणजे टाकी भरून मोटर आपोआप बंद होण्याच्या, जरा आधी टाँग टेस्टर लावला तर काटा सहा अँपिअरवर. सिंगल फेजवर खऱ्या दोन एचपीची मोटर नऊ-दहा तरी खाते. शेवटी मोटरच्या टर्मिनलजवळची तार खरवडली. वर तांब्याचा रंग, आत पांढरं ॲल्युमिनियम. मामा काही बोलले नाहीत. टेस्टर पुसून डब्यात ठेवला, तो झाकणाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

वकिलाकडे गेलो, तिथे तर हसावं की रडावं. मी माल पुन्हा विकायला घेतलेला, म्हणून ग्राहक मंचाच्या (आताच्या ग्राहक आयोगाच्या) लेखी मी ग्राहकच नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी मशीन घेणारा पंक्चरवाला ग्राहक. त्याला दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कोणावर? विकणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर!

त्या तीसांतलं एक मशीन मोशीपुढे नाशिक रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या अण्णाकडे होतं. मूळचा केरळचा, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. त्याचं मशीन दुसऱ्या महिन्यातच बसलं. सकाळी सहाला टेम्पोत टाकून आला. मी कार्ड दाखवायला लागलो. तो म्हणाला, "मालक, कागद राहू द्या. दुपारपर्यंत हवा द्या, ट्रकवाले उभे आहेत." मामांनी आमचंच जुनं दोन सिलिंडरचं बेल्टवालं मशीन त्याच टेम्पोत चढवलं. भाडं घेतलं नाही. नंतर अण्णाने त्या रस्त्यावरची सात दुकानं आमच्याकडे पाठवली. हे चार गाळे सोडून बसलेल्याला कधी कळायचं नाही.

नऊच्या नऊ मशिनांच्या मोटरी आणि वॉल्व्ह प्लेटा आम्ही पदरच्या पैशाने बदलल्या. उरलेला माल पडेल भावाने, मोटर ॲल्युमिनियमची आहे हे बिलावर लिहून विकला. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सोडवायला २०१९ उजाडलं. चार गाळे सोडून बसलेल्याने मात्र फलकावरची दोन वर्षं खोडून तीन केली. पहिल्या तक्रारींचा भार यायच्या आत त्याने दुकानाचं नाव बदललं. नव्या नावावर जुनं कार्ड चालत नाही म्हणे. आता चाकणला त्याची दुसरी शाखा आहे. असो.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. स्वस्त मशीन वाईटच असतं असं नाही. हवेचा ब्लोअर मारायला, दिवसाला दोन-चार चाकं भरायला ते पुरतं. पण दुकानात उभं राहून ते चालू करायला लावा आणि घड्याळ धरा. वॉल्व्ह प्लेट आणि रिंगांचा सेट आत्ता, याच काउंटरवर मिळतो का ते विचारा. "मागवून देतो" म्हणाला तर मशीन तिथेच ठेवून या. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला नसेल तर वॉरंटी मागायला जाणार कुठे? आणि हवेतल्या बाष्पाचं टाकीत साठलेलं पाणी रोज सोडा हो. पावसाळ्यात पेलाभर निघतं. टाकी आतून गंजली की कार्डावरची ती एक उरलेली वॉरंटीही गेली, कारण गंज हा तुमचा निष्काळजीपणा.

मामा गेल्या वर्षीपासून दुकानात येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. खंडेनवमीला मात्र त्यांना रिक्षाने आणतो. झेंडूची माळ टाँग टेस्टरला ते स्वतः घालतात, आणि शेजारी ती खरवडलेली तार ठेवायला लावतात. अण्णाला दिलेलं बेल्टवालं मशीन अजून त्याच्याकडेच आहे. परवा एनआरव्हीसाठी, म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणाऱ्या वॉल्व्हसाठी, आलं होतं.