बिल्ला कोणाचा?

मी बिल्ले जमवतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: कपड्याला टाचलेल्या एवढ्याशा तुकड्यावरून माणसाची ओळख कशी ठरते, आणि ही रीत आली कोठून? तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहितो.

मध्ययुगीन युरोपातील यात्रेकरूंचे बिल्ले मला विशेष जिव्हाळ्याचे वाटतात. शिसे आणि कथील यांचा रस कोरीव दगडी साच्यात ओतून ते पाडले जात. टोपीला किंवा झग्याला शिवता यावेत म्हणून कडेला बारीक कड्या ठेवलेल्या असत. इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथिड्रलमध्ये ११७० साली तेथील आर्चबिशप (मुख्य धर्मगुरू) थॉमस बेकेट यांची हत्या झाल्यानंतर तेथे भाविकांची रीघ लागली, आणि त्यांच्या मुखाकृतीचा बिल्ला लावून परतणाऱ्या माणसाला आपण कोठून आलो हे वाटेत कोणाला सांगावे लागत नसे.

राजे-सरदार आपल्या माणसांना वाटत ते बिल्ले वेगळ्या जातीचे. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डने १४८३ मध्ये मुलाच्या सोहळ्यासाठी आपले चिन्ह असलेल्या पांढऱ्या रानडुकराचे १३,००० कापडी बिल्ले मागवले होते. असा बिल्ला लावणाऱ्याच्या पाठीशी त्याचा धनी उभा आहे, हे सर्वांना दिसे. त्या जोरावर दांडगाई इतकी माजली होती, की १३९० मध्येच या वाटपावर कायद्याने मर्यादा घालावी लागली. माणूस कोण आहे यापेक्षा तो कोणाचा आहे, हे बिल्ला आधी सांगतो, असे मला वाटते ते यामुळेच.

म्हणूनच तो दुसऱ्याने लादला की क्रूर होतो. इंग्लंडमधील १६९७ च्या कायद्याने सार्वजनिक मदत घेणाऱ्या गरिबांना उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर लावणे भाग पाडले, आणि ही सक्ती १८१० पर्यंत कायद्यात राहिली. नाझी जर्मनीने १९४१ मध्ये ज्यूंवर लादलेला पिवळा तारा तर सर्वांना ठाऊक आहे.

छापील कागदावर सेल्युलॉइड या पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला, मागे टाचणी असलेला गोल बिल्ला १८९६ च्या अमेरिकी निवडणुकीत घराघरांत पोहोचला, आणि आपली बाजू स्वतः निवडून छातीवर लावणे सामान्य माणसाला परवडू लागले. तरीही मला अधिक मोलाचा वाटतो तो गुलाबी त्रिकोण: नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर शिवलेले हे चिन्ह १९७० च्या दशकात समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी स्वतःहून छातीवर लावले.