डिमेन्शिया केंद्रातला गोंगाट कमी करताना : माझा अनुभव

डिमेन्शिया असलेल्या व्यक्तींच्या निवासी केंद्रात आवाजाचं काम निघालं की पहिली मागणी ठरलेली असते, "भिंतींना काहीतरी लावून द्या." मी आवाज शोषणाऱ्या पॅनेलला शेवटाकडे हात घालतो. आधी मोजमाप, मग आवाज करणाऱ्या वस्तू, मग खोलीचं घुमणं. हा क्रम चुकला की पैसे खर्च होतात आणि जेवणघर होतं तसंच राहतं.

आवाज मोजायचा मीटर 'ए' वेटिंगवर (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणाऱ्या सेटिंगवर) लावून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर धरतो. जेवणाची वेळ, संध्याकाळ, पाळी बदलताना आणि मध्यरात्री, दर वेळी १५ मिनिटांची सरासरी आणि क्षणिक कमाल पातळी दोन्ही टिपतो. नुसत्या सरासरीवर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयाच्या वॉर्डसाठी रात्री सरासरी ३० आणि कमाल ४० डेसिबल सुचवले आहेत. एकदा दार आपटलं तरी दुसरा आकडा ओलांडला जातो, सरासरीत मात्र ते फारसं दिसत नाही.

सोबत एक वही हवीच: कोणता आवाज, कुठून आला, कोण दचकलं, कोण उठून गेलं. वहीशिवाय आकडे अर्धेच. आवाज कुठून आला हे दिसलं नाही तर या व्यक्तींना त्याचा अर्थ लावणं फार जड जातं. टीव्हीवरचं भांडण खोलीतच चाललंय असंही वाटू शकतं. वयानुसार वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येणं आधी कमी होतं, त्यामुळे बोलण्यातली व्यंजनं खोलीच्या घुमण्यात बुडतात. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही वाढवतं.

मग वस्तू. कोणी बघत नसलेला टीव्ही बंद. ट्रॉलीला मऊ रबराची चाकं, दार हळू बंद करणारे क्लोजर. पॅसेजमधल्या बझरऐवजी कर्मचाऱ्यांच्या खिशात थरथरणारा पेजर. पण आधी तो बाथरूमसह प्रत्येक कोपऱ्यातून वाजवून बघावा, मगच बझर काढावा. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट (जाड मऊ कापडाच्या चकत्या) लावण्याआधी थांबा. फेल्ट लावलेली हलकी खुर्ची हात टेकून बसताना मागे सरकते आणि माणूस पडू शकतो. तोल जाणाऱ्यांसाठी घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्याच बऱ्या. जिथे फेल्ट आहे तिथे खडे रुतून ते पुन्हा खरखरायला लागतं, म्हणून तपासून बदलत राहावं लागतं.

आता घुमणं. समजा, जेवणघर ८ × ६ × ३ मीटर, म्हणजे १४४ घनमीटर. टाइल्स आणि प्लास्टर असेल तर एकूण शोषण १२ चौरस मीटरच्या आसपास धरू, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा तेवढा पृष्ठभाग असल्यासारखं. सेबिनच्या सूत्राने (०.१६१ × घनफळ ÷ शोषण) ०.१६१ × १४४ ÷ १२, म्हणजे घुमण्याचा काळ, आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ, १.९ सेकंद. तो ०.८ वर आणायला शोषण २९ लागतं. उरलेल्या १७ साठी ०.८५ शोषणांकाचे (पडलेल्या आवाजापैकी ८५ टक्के शोषणारे) २० चौरस मीटर पॅनेल लागतात, तेही बहुतेक छताला, कारण तिथे हात पोचत नाहीत. ५० मिलिमीटर जाडीच्या पॅनेलमागे तेवढीच पोकळी सोडली तर खालच्या पट्टीचा आवाजही जास्त शोषला जातो. आवरण मात्र पुसता येणारं हवं. पॅनेलवर मागाहून रंग देऊ नका. छिद्रं बुजली की शोषण संपलं. एवढं करूनही घुमणाऱ्या आवाजाची पातळी जेमतेम ४ डेसिबलने उतरते. खरा फायदा पुढे दिसतो: गोंगाट कमी झाला की माणसं आवाज चढवून बोलत नाहीत, आणि पातळी आणखी खाली येते.

पूर्ण शांतता मला नको असते. चहाच्या कपांचा किणकिणाट, कपड्यांच्या घड्या घालतानाच्या गप्पा, उघड्या खिडकीतले पक्षी हे आवाज वेळेचं आणि जागेचं भान देतात, ते राहू द्यावेत. संगीत लावायचं तर त्या व्यक्तीच्या आवडीचं, मधे जाहिराती नसलेलं, २०-३० मिनिटं. चेहरा आक्रसला किंवा हात कानाकडे गेला की लगेच बंद. दिवसभर मागे वाजणारं संगीत मी काढायला सांगतो. बदल झाले की त्याच चार वेळांना, त्याच जागी पुन्हा मोजतो आणि आधीच्या नोंदीशेजारी लिहून ठेवतो.