आपला ग्रुप, त्यांचा कंपू

किल्ल्याचा तट पडला, की आतले आणि बाहेरचे एकमेकांत मिसळतात. माणसांत तट पडले, की मध्ये भिंत उभी राहते. मराठीची ही खोडी मला फार आवडते.

गट त्यामानाने सरकारी बाण्याचा. बचत गट, गट क्रमांक, गटविकास अधिकारी. त्यात भांडणाचा वासही नाही. म्हणूनच जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा वर्तमानपत्रांना तो सोयीचा पडला असावा. शिंदे गट, ठाकरे गट. वर्षभराने राष्ट्रवादीचंही तेच झालं. पण गट म्हणवून घ्यायला कोणीच राजी नसतं. आपण पक्ष, गट तो समोरचा! १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तिथले जहाल-मवाळ आपण शाळेत पाठ केले. प्रत्यक्षात मवाळ स्वतःला प्रागतिक म्हणवीत आणि टिळकांची माणसं राष्ट्रीय पक्षाची. बरोबरच आहे, आपणहून ‘मी मवाळ’ असं कोण सांगेल?

सगळ्यांत घसरला तो कंपू. महादजी शिंद्यांच्या पदरी युरोपीय सेनानी डी बॉयनने उभे केलेले कंपू म्हणजे कवायती, तोफा-बंदुकांनी सज्ज पलटणी. आता कंपू म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी चहा पीत सेक्रेटरीवर तोंडसुख घेणारे चौघे. आमच्याकडे पुनर्विकासाची सभा असली, की पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या अर्धा तास आधीच रुमाल टाकून अडवलेल्या असतात. (लोकलची सवय, दुसरं काय.) सी विंगवाले म्हणतात, बिल्डरचा कंपू बसलाय. रुमालवाल्यांना विचारा, ते म्हणतील, ‘अहो, आपला ग्रुप आहे.’ त्यांच्या लेखी कंपू सी विंगमध्ये असतो.

एरवी मुंबईला एवढे बारकावे पाळायला सवड कुठे? इथे ‘समोरची पार्टी’ म्हटलं की भागतं. कोर्टातला प्रतिवादी पार्टी, फ्लॅट घेणारा पार्टी, नाक्यावर हमरीतुमरीला आलेलाही पार्टीच. इस्टेट एजंट फोनवर ‘पार्टी तयार आहे’ म्हणाला, तर गिऱ्हाईक मिळालं की भांडण ठरलं, हे त्याच्या आवाजावरून ओळखावं लागतं.