पुरावा वकिलाकडे येण्याआधी

आपल्या शाळेतली कितीतरी मुलंमुली आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आहेत. कुणी फौंड्रीत सुपरवायझर, कुणी एचआरला, कुणी अकाउंट्सला. इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि कामाच्या ठिकाणचं तंत्रज्ञान ही माझी वकिली. सुवर्णमहोत्सवी अंकातली ही जागा मी त्यांच्यासाठीच वापरते, कारण या पुराव्याची वाट लागते ती बहुतेक वेळा कोर्टात येण्याआधी, कारखान्यातच.

गेटवर मारामारी झाली की सगळे सीसीटीव्हीच्या स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग करतात. मूळ फुटेज डीव्हीआरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातच राहतं आणि हार्ड डिस्क भरली की त्यावर नवं चढतं. कुठे महिन्याने, कुठे आठवड्यातच. डिस्क केवढी आणि कॅमेरे किती, यावर ते ठरतं. चौकशी अधिकारी नेमेपर्यंत फुटेज गेलेलं असतं. म्हणून त्याच दिवशी डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाईलचं घड्याळ एका फोटोत घ्या. डीव्हीआरची वेळ सहसा कुणी जुळवत नाही, आणि दहा मिनिटांचा फरकसुद्धा उलटतपासणीत साक्षीदाराला अडकवतो. मग घटनेच्या अलीकडचा-पलीकडचा अर्धा तास धरून फुटेज मूळ फॉरमॅटमध्ये, ते चालवणाऱ्या प्लेअर सॉफ्टवेअरसकट उतरवा आणि लगेच हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा डिजिटल ठसा काढा. विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने एसएचए-२५६ या पद्धतीच्या हॅशची ६४ अंकाक्षरं मिळतात. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ती पार बदलतात. हॅश, डीव्हीआरचा सिरियल नंबर, तारीख, वेळ, हजर माणसं, सगळं लिहून सह्या घ्या. आपल्या प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर असायचं. इथे तर फक्त निरीक्षणच लिहायचं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत त्याच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लागतो. जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये तज्ज्ञाचा वेगळा भाग नव्हता. प्रमाणपत्राचं महत्त्व ठरलं ते आपल्याच राज्यातल्या, जालन्याच्या निवडणूक वादात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच, मूळ उपकरण रीतसर शाबित केलं तर नको. आणि ज्याच्या ताब्यात उपकरण आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. खात्यांतर्गत चौकशीला साक्ष कायदा काटेकोरपणे लागू नसतो, पण कामगाराला फुटेज दाखवलंच नाही तर त्याला बाजू मांडायची पुरी संधी मिळाली नाही, या नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर चौकशी रद्द होऊ शकते.

हजेरीच्या वादात एचआर एक्सेलचा तक्ता आणतं. तो पुरेसा नाही. बायोमेट्रिक मशीनमधला मूळ लॉग (आपोआप होणारी नोंद) काढा, आणि सॉफ्टवेअरमध्ये हाताने कोणते पंच, म्हणजे येण्याजाण्याच्या नोंदी घातल्या, कुणाच्या लॉगिनने, तेही. वाद बहुतेक तिथेच असतो.

मुलींना मुद्दाम सांगते: त्रास देणारे मेसेज आले तर नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. चॅट एक्सपोर्ट केल्यावर मिळते ती साधी टेक्स्ट फाइल, कुणालाही बदलता येते. म्हणून मूळ मेसेज फोनवरच जपा: आपोआप मेसेज पुसणारी सेटिंग बंद करा, फोन रिसेट करू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सहा जिल्ह्यांची कामं इथे येतात, आणि फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली कशा साठवल्या जातात ते समजणारे ज्युनियर वकील मिळत नाहीत. कायद्याला जाणाऱ्यांनी पदवीबरोबरच डिस्क इमेजिंग (डिस्कची हुबेहूब प्रत काढणं) आणि राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) हाताळायला शिकावं.