लॅम्डा, सेव उसळ आणि काकांचं रिटर्न

एमएला इकॉनॉमिक्स घेतलं तेव्हा काकांचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता आमचं रिटर्न तू भरणार ना?" अहो काका, ते सीएचं काम. दोन वर्षं हेच सांगतोय, आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारात कोणाला पटत नाही.

खरं तर मलापण कुठे माहीत होतं. बीएला मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा मारल्या की भागायचं, आणि इथे पहिल्याच आठवड्यात फळाभर लॅग्रांजची गणितं, म्हणजे खिशातल्या पैशात युटिलिटी, म्हणजे मिळणारं समाधान, मॅक्सिमाइझ करा, आणि मध्येच तो लॅम्डा नावाचा ग्रीक अक्षर. बारावीनंतर गणित सुटलेलं, त्यामुळे महिनाभर मी तो नुसता उतरवून घेत होतो. कळला कुठे, तर सेव उसळीच्या गाडीवर. महिनाअखेर, खिशात साठ रुपये, जादा पाव घ्यावा की नोट्सची झेरॉक्स काढावी हे चाललेलं, तर मित्र म्हणाला, आत्ता तुला वर एक रुपया मिळाला तर जेवढी मजा वाढेल ना, तोच लॅम्डा. हात्तिच्या! आणि एक तारखेला? "तेव्हा घसरतो." रस्सा मात्र फुकट, म्हणजे किंमत शून्य, म्हणून अगदी नको होईपर्यंत ओरपायचा. हे पुस्तकात असं का लिहीत नाहीत देव जाणे.

मग इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारी लावून अर्थशास्त्र तपासायचं. हेटरोस्केडॅस्टिसिटी हा शब्द मी रात्री घोकायचो आणि आजीला वाटायचं कुठलं नवीन स्तोत्र. अर्थ तसा साधा आहे, कमी कमाईच्या घरांचा खर्च अंदाजाच्या आसपासच राहतो, जास्त कमाईवाल्यांचा कुठेही उडतो, म्हणजे अंदाज किती चुकतो त्याचा पसारा सगळीकडे सारखा नाही. हे न बघता रिग्रेशन टाकलं, म्हणजे आकड्यांतून कमाई-खर्चाच्या नात्याची रेघ काढली, की स्टँडर्ड एरर, म्हणजे उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारे आकडे, खोटे येतात. माझे आले. डिझर्टेशनचा अख्खा चॅप्टर परत लिहिला.

एकदा वैतागून काकांना सांगितलं, बाबासाहेबांनी पण एमए इकॉनॉमिक्समध्येच केलेलं, १९१५ ला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात, आणि तिकडे गेले ते आपल्या सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर. काका गप्प. त्यांना बाबासाहेबांची राज्यघटना माहीत, हे नाही. आणि तोच माणूस १९१७ ला बडोद्यात नोकरीवर आला तर जातीमुळे राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतून पण हाकललं, कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले. मी रोज त्याच बागेतून शॉर्टकट मारतो.

असो, परवापासून शेवटचं सेमिस्टर. काका आत्ताच टेबलावर फॉर्म १६ ठेवून गेलेत.