विट्याचे माग: बंद शेड, ट्यूबलाइट आणि वही

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात यंत्रमागांचे फोटो काढतोय, ते काम आता आकार घ्यायला लागलंय. ओळखी वाढल्या तशी बंद कारखान्यांची दारंही उघडली. सुताचा भाव चढलेला, कापडाला उठाव नाही, वीजबिल थांबत नाही. हेच जो तो सांगतो.

एका शेडमधले साधे माग वजनावर भंगारात गेले. फरशीत पायाचे बोल्ट तसेच आहेत, भोवती मुरलेल्या तेलाचे काळे चौकोन, भिंतीवर खडूनं मांडलेला मीटरचा हिशेब. कारखान्याचे मालक, त्यांना मी मामा म्हणतो, एकेका चौकोनावर उभे राहून तिथला माग कोण चालवायचं ते सांगत गेले. फोटो काढता काढता सगळं वहीत उतरवलं. त्यांचा मुलगा आता तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या दुकानात आहे. सोन्याचांदीच्या गलाईसाठी परमुलखात जाणं या दुष्काळी भागाला नवं नाही. माग थांबल्यावर पोरांनी तीच वाट धरलीय.

चालू शेडमध्ये ३५ मिमीची एकच लेन्स ठेवतो. सुताची पिंज (बारीक तंतू) इतकी उडते की आत लेन्स बदलायची सोयच नाही. शटर १/१५ सेकंदाला ठेवलं की धोटा (आडवा धागा नेणारा) आणि फणी (तो धागा ठोकून बसवणारी) पुसट होतात, पण तुटलेला धागा जोडायला वाकलेला विणकर स्पष्ट येतो. मला हवा तो फोटो हाच. ट्यूबलाइटखाली शटर १/१०० पेक्षा वेगवान ठेवू नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फ्रेमगणिक उजेड बदलतो.

रात्री लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात अमेरिकेतल्या महामंदीचे फोटो बघत बसतो. फोटोग्राफर रसेल ली १९४० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनला गेला. टेक्सास-ओक्लाहोमा सोडून आलेली कुटुंबं त्यानं जमिनीत खणलेल्या घरांसकट टिपली, आणि त्यांची जेवणं, गाणी, नाचही टिपले. ओढगस्त दाखवायला रडका चेहरा लागत नाही, हे मला तिथे पटलं. उलट, फोटोग्राफर डोरोथिया लँगनं १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला काढलेल्या ‘मायग्रंट मदर’ या फोटोतली ती जगप्रसिद्ध आई! फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळायला १९७८ उजाडलं. म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारतो, नाव लिहू का? हो म्हणाले तरच फोटोखाली नाव, पण प्रिंट मात्र सगळ्यांना द्यायची. वहिफणीवाल्या (ताण्याचे धागे फणीतून ओवणाऱ्या) मावशींनी स्वतःची प्रिंट घेतली आणि जावेसाठी आणखी एक मागून घेतली, फार बरं वाटलं.

आता सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ लावणं) आणि रात्रपाळी राहिलीय. खंडेनवमीला मागांची पूजा असते, तेव्हा मामांनी शेजारच्या चालू कारखान्यात बोलावलंय. सायझिंगच्या वाफेत कॅमेरा कसा सांभाळायचा, कुणी केलं असेल तर जरूर सांगा.