सिकेटर खाली ठेवा

बागकामाची खोड लागलेल्या माणसाच्या हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आलं की तो काही स्वस्थ बसत नाही, जाता येता इथला शेंडा मार, तिथली फांदी छाट, हे चालूच. आणि हॉथॉर्नला, म्हणजे युरोपात कुंपणाला लावतात त्या काटेरी झाडाला, नेमकं हेच सोसत नाही. म्हणजे मरत वगैरे नाही हं, कितीही कापा, पुन्हा फुटवे काढून उभं राहतं, पण फुलायचं बंद होतं. कारण साधं आहे, त्याच्या फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या लाकडावर धरतात, आणि आपण दरवर्षी कुंपण भिंतीसारखं सपाट कापून काढलं तर पुढच्या वर्षीची फुलं आपणच कचऱ्यात टाकलेली असतात. मग म्हणायचं, आमच्याकडे फुलतच नाही हो. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांतून एकदा छाटा, नाहीतर या वर्षी एक बाजू नि पुढच्या वर्षी दुसरी. तेही हिवाळा संपता संपता, पक्ष्यांनी फळं खाऊन झाल्यावर आणि घरटी बांधायच्या आत.

फुलं मात्र बघण्यासारखी. पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मधे टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी परागकोश, दोन-चार दिवसांत ते काळपट पडतात, त्यावरून कुठलं फूल ताजं आणि कुठलं शिळं ते लगेच कळतं. लांबून झाड पांढरंशुभ्र दिसतं म्हणून कौतुकाने नाक खुपसायला जाल तर सावध राहा, त्या वासात ट्रायमिथिलअमाइन असतं, म्हणजे शिळ्या मासळीला जो वास येतो तोच. माश्यांना तो फार आवडतो आणि परागीभवनाचं बरंचसं काम त्याच करतात. युरोपात हा फुलोरा घरात आणणं अशुभ मानायचे, आणि खरं सांगू का, एकदा वास घेतल्यावर मला ती अंधश्रद्धा बरीच शहाणपणाची वाटते.

नर्सरीत दोन जाती हमखास दिसतात, मोनोगायना आणि लेव्हिगाटा, आणि पाटी हरवलेली असली तरी लाल फळ फोडून बघायचं. गर पिठूळ, चवीला विशेष काही नाही, पण आत एकच बी निघालं तर बहुतेक मोनोगायना, दोन-तीन निघाली तर लेव्हिगाटा (संकरही बरेच असतात, त्यामुळे पैज लावू नका). बी चावू मात्र नका. 'पॉल्स स्कार्लेट' ही लाल-गुलाबी डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, फुलांची लेव्हिगाटा फोटोत फार छान दिसते, पण पानांवर ठिपके पडून भर उन्हाळ्यात पानगळ व्हायची तिला खोड आहे, शिवाय डबल फुलांत मधमाश्यांना फारसं काही मिळत नाही आणि फळंही जवळपास धरत नाहीत. माझं मत साध्या पांढऱ्यालाच.

बियांपासून करायची हौस असेल तर गर काढून बी वाळूत मिसळायचं, कुंडी बाहेर थंडीत ठेवायची आणि विसरून जायचं. उगवायला दीड वर्षही लागतं, आधी उबेचा काळ आणि मग थंडीचा, दोन्ही पार पडल्याशिवाय ते हलत नाही. पहिल्या वसंतात काही दिसलं नाही म्हणून कुंडी रिकामी करू नका. उंदरांपासून वाचवायला वरून जाळी घाला. एवढा धीर नसेल तर हिवाळ्यात पानं झडलेली, उघड्या मुळांची काडीएवढी रोपं मिळतात, स्वस्त पडतात. लावेपर्यंत मुळं ओल्या गोणपाटात ठेवायची, कुंपणासाठी मीटरला चार-पाच लावायची आणि निम्म्यावर कापायची, म्हणजे बुडापासून फुटतात. इथे सिकेटर चालवायची मनसोक्त परवानगी आहे. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्या, पुढे ते आपलं आपण बघून घेतं, चिकणमाती असो की वारा असो. फक्त पाणी साचून राहायला नको.

हे झाड किती सोसतं ते बघायचं तर इंग्लंडमधली जुन्या कुंपणाची रीत बघावी. खोड बुडाशी तिरकं, जवळजवळ आरपार कापतात, फक्त सालीची आणि थोड्या लाकडाची पट्टी शिल्लक ठेवतात आणि अख्खं खोड आडवं झुकवतात. त्या पट्टीतून रस चढत राहतो आणि आडव्या खोडावर नि बुडाशी नवे कोंब सरळ उभे फुटतात. बघताना वाटतं संपलं हे आता, आणि वसंतात बघावं तर हिरवंगार.

रोगांपैकी घाबरायचं ते फायर ब्लाइटला, शेंडे भाजल्यासारखे काळे पडून वाकतात. सफरचंद आणि नाशपाती याच कुळातले, त्यांनाही तो लागतो, म्हणून फळबागेजवळ हॉथॉर्न लावताना विचार करा. रोगट फांदी खाली निरोगी लाकडापर्यंत कापायची आणि दरवेळी पातं स्पिरिटने पुसायचं.

आणि छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचला. जाड चामड्याचे ग्लोव्ह्ज घाला, कापडी उपयोगाचे नाहीत. काटे सुकल्यावर आणखी कडक होतात, वाटेवर एखादी डहाळी राहिली तर सायकल पंक्चर झालीच म्हणून समजा.